एका वाक्याचा सिनेमा

माझी मावशी एका सिनेमात होती. ही गोष्ट मी शाळेत कधी कुणाला सांगितली नाही, आणि घरात तर तो विषय काढायचाच नाही असा नियम होता. नियम कुणी केला नव्हता, पण होता. मला जे कळलं ते आईकडून, तुकड्यातुकड्यानं, कधी कपड्यांच्या घड्या घालताना तर कधी भांडी पुसताना. थोडं मावशीनंच सांगितलं, तेही फार उशिरा.

मावशी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. शिकवायला नाही, प्रयोगशाळा सांभाळायला. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि मुलांनी काच फोडली की कुणी फोडली ते नुसत्या चेहऱ्यांवरून ओळखायचं. तिच्या बोटांवर काळपट डाग असायचे, कुठल्याही साबणानं न निघणारे. आजी म्हणायची, "हात बघून लोकांना वाटेल, कोळशाच्या वखारीत आहेस."

उंच, हाडं दिसणारी, लांबट चेहऱ्याची. वरचे दात पुढे आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. आपण कशा दिसतो ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण त्याचं तिनं फार मनावर घेतलेलं नव्हतं. कारण तिच्याकडे नकला होत्या.

संध्याकाळी ती घरी आली की चपला काढायच्या आधी दारातच प्राचार्य व्हायची. खाकरायची, न दिसणारा कोट सारखा करायची आणि आजीला विचारायची, "आपली हजेरी किती टक्के?" मग ग्रंथपाल, मग लग्नाळू प्राध्यापक, मग सगळ्यांवर संशय घेणारा पहारेकरी. आई तेव्हा कॉलेजात शिकत होती. ती सांगते, "आम्ही पोट धरून हसायचो. खाली सायकल दुरुस्तीवाला होता, तो हातोडी थांबवून ऐकायचा." प्राचार्य एका पायानं लंगडायचे. मावशीनं ते लंगडणं कधी घेतलं नाही. आईनं एकदा 'ते पण कर ना' म्हटलं तर म्हणाली, "ते त्यांनी स्वतः केलेलं नाहीये. त्यांनी जे स्वतः केलंय तेवढंच आपलं."

कॉलेजच्या रस्त्यावर एका चष्मेवाल्याचं दुकान होतं. माणूस विधुर, मितभाषी, हात फार हलका. मावशीच्या चष्म्याचा स्क्रू जेवढ्या वेळा सैल व्हायचा त्याहून जास्त वेळा ती तो घट्ट करून घ्यायला जायची. तो चहा मागवायचा. दोघंही कशाबद्दल काही बोलले नव्हते, पण आजीनं मनात लग्नाचा मुहूर्तही धरून ठेवला होता.

त्या वर्षी सुट्टीत कॉलेजात सिनेमावाले आले. हलकाफुलका कॉलेजचा सिनेमा होता. दोन वेण्या घालणारी, जाड चष्मा लावणारी, पुस्तकं छातीशी धरून चालणारी एक मुलगी. श्रीमंत घरचा एक मुलगा मित्रांशी पैज लावतो, की हिला मी कॉलेजची राणी करून दाखवतो. वेण्या सुटतात, चष्मा निघतो, कपडे बदलतात आणि सगळं कॉलेज आ वासून बघत राहतं. मावशीनं गोष्ट ऐकली आणि विचारलं, "चष्मा काढल्यावर ती सुंदर दिसते हे ठीक. पण खांबाला धडकत कशी नाही?" नंतर कळलं की नायिकेच्या चष्म्यात साधी काच होती.

एक प्रसंग प्रयोगशाळेत होता. नायक चुकीचं द्रावण मिसळतो आणि रंगीत धूर होतो. सामान फुटू नये म्हणून मावशीला तिथे बसवून ठेवलं होतं. मधल्या वेळात ती रंगभूषा करणाऱ्या बाईंना दिग्दर्शकाची नक्कल करून दाखवत होती. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून बघायचं, मग निराश होऊन मान हलवायची. बाई हसता हसता एकदम थांबल्या. मावशीनं वळून बघितलं तर मागे दिग्दर्शक उभा.

तो रागावला नाही. उलट मनापासून हसला. म्हणाला, "बाई, तुमच्यात कलाकार आहे. एक छोटं काम कराल? एकच वाक्य आहे."

"विनोदी आहे का?"

"तुम्ही हसवायला जाऊ नका. तुम्ही फक्त खरं करा. बाकीचं माझ्यावर सोडा."

त्यानं तिला प्रसंग समजावून सांगितला. कॉलेजचं संमेलन आहे. गाण्याच्या स्पर्धेचा निकाल लागतो. जिच्याकडे आजवर कुणी वळून पाहिलं नाही अशी मुलगी पहिली येते. दिव्याचा झोत तिच्यावर पडतो. तिचा विश्वास बसत नाही. ती उठते, छातीवर हात ठेवते, म्हणते, "मीच का ती?" आणि मंचाकडे चालू लागते.

मावशीनं ते वाक्य न्हाणीघराच्या आरशासमोर किती तऱ्हांनी म्हणून बघितलं ते आईला आठवतं. 'मीच'वर जोर देऊन, 'ती'वर देऊन, रडवेलं, आनंदानं. शेवटी ठरवलं, की जोर कशावरच द्यायचा नाही. हळू म्हणायचं. जिला सवय नाही ती मोठ्यानं कशी म्हणेल?

चित्रीकरणाच्या दिवशी नायक आलेलाच नव्हता. समोर रिकामा मंच होता आणि बांबूवर बांधलेला एक दिवा. मावशीनं पहिल्याच वेळी असं केलं की दिवेवाला 'वा' म्हणाला आणि रंगभूषेच्या बाईंनी डोळे पुसले. दुसऱ्यांदा करावं लागलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं कुणाचीही नक्कल केली नाही. "आज मी मीच होते," म्हणाली, आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिली.

सिनेमा लागला तेव्हा ती आजीला आणि आईला घेऊन पहिल्या खेळाला गेली. चष्मेवाल्याचं दुकान उघडं असल्यामुळे तो सुट्टीच्या दिवशी जाणार होता. सिनेमा खरोखरच हसवणारा होता. मावशीही हसत होती. 'धूर बरा झालाय,' असं आईच्या कानात म्हणाली.

मध्यंतरानंतर संमेलन आलं. गाण्याची स्पर्धा वगैरे काही नव्हती. नायक मंचावर उभा राहून म्हणाला, "माझ्या स्वप्नातली राणी याच सभागृहात बसली आहे!" दिव्याचा झोत माणसांवरून फिरत फिरत आला आणि मावशीवर थांबला. पडद्यावरची मावशी उठली, छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "मीच का ती?"

खुर्चीतल्या मावशीनं आईचा हात घट्ट धरला होता.

मग पडद्यावर नायकाचं तोंड आलं, डोळे बाहेर आलेलं. पाठोपाठ भोंगा वाजला, जुन्या गाड्यांचा असतो तसा, पोंऽऽ. मग मावशीचे दात. पडदाभर. नायकानं टेबलाखाली उडी मारली, पडद्यावरची मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसली, झोत घाईघाईनं सरकला आणि बिनचष्म्याच्या नायिकेवर जाऊन स्थिरावला. अंधारात मावशी कशाला तरी अडखळून धाडकन पडल्याचा आवाज आला. ती पडलीच नव्हती. तो आवाज मागाहून घातलेला होता.

थिएटर कोसळलं. शिट्ट्या, टाळ्या. मागून कुणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं.

आणि आजी हसली. मोठ्यानं, तोंड उघडून, सगळ्यांसारखी. मग तिचा हात तोंडावर गेला आणि सिनेमा संपेपर्यंत तिथेच राहिला.

आई म्हणते, आजीला तेव्हा लांबचं दिसत नव्हतं, तिनं ओळखलंच नसणार. मावशीला हे मान्य नाही. "ओळखलं होतं तिनं," मला एकदा म्हणाली. "ओळखलं म्हणूनच हसली. मी समोर दिसले की हसायची सवय होती तिला."

तिघी शेवटपर्यंत बसल्या. मध्येच उठलं असतं तर दारातल्या उजेडात लोकांनी तोंड पाहिलं असतं. घरी चालत आल्या. आजी वाटेत एकदाच बोलली, "पाय दुखतायत."

सिनेमा तुफान चालला. वर्तमानपत्रात आलं, की 'सहकुटुंब जा आणि खळखळून हसा', आणि एकानं लिहिलं, 'एका अनामिक तरुणीचं एकच वाक्य सगळ्या सिनेमाला पुरून उरतं.' लोक तेवढ्या प्रसंगासाठी पुन्हा जायचे. थोड्याच दिवसांत मावशीचं नाव पडलं, मीचकाती. शब्द एका दमात म्हणायचा, आडनावासारखा. फळ्यावर लिहिलेलं असायचं. ती गॅलरीतून चालली की खालून कुणीतरी हळू आवाजात भोंगा वाजवायचं. दर वर्षी नवी मुलं यायची आणि दर वर्षी त्यांना वाटायचं, की हे आपल्यालाच सुचलंय.

पण मुलांचं तिला फार लागलं नाही. मुलांवर ओरडता यायचं. अवघड होते ते भले लोक. दुकानात, बसच्या थांब्यावर हात पुढे करून यायचे. "तुम्हीच ना त्या? किती हसलो हो आम्ही! आमच्याकडे आजारी माणूस आहे, महिनोन्‌महिने हसलं नव्हतं, ते हसलं." ती म्हणायची, "बरं झालं."

तिनं एकदा दिग्दर्शकाच्या ऑफिसला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. फोनवर सहायक आला. तिचा आवाज ओळखून इतका खूश झाला, की तिला बोलूच देईना. "बाई, लोकांनी डोक्यावर घेतलंय तुम्हाला! पुढच्या सिनेमात भुताचं काम आहे. साहेब म्हणतात तुम्हीच पाहिजे. मेकअपसुद्धा लागायचा नाही!" त्यानं हे कौतुकानं म्हटलं होतं. मावशीनं फोन ठेवला.

चष्मेवाला सुट्टीच्या दिवशी सिनेमा बघून आला होता. तिला त्याच्या दुकानात जायला बरेच दिवस लागले. गेली तेव्हा त्यानं चष्मा घेतला, स्क्रू फिरवला, काच पुसली, पुन्हा पुसली.

"बघितलात?" तिनंच विचारलं.

"बघितला."

"मग?"

तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. म्हणाला, "मी पण हसलो. माझ्याही नकळत. बाहेर आल्यावर फार वाईट वाटलं. तेव्हापासून तुमच्याशी कसं बोलावं ते कळत नाहीये."

तिला चष्म्याशिवाय त्याचा चेहरा नुसता पुसट ठिपका दिसत होता. ती म्हणाली, "द्या चष्मा." डोळ्यांवर चढवला आणि निघाली. पुढचे चष्मे तिनं गावाच्या दुसऱ्या टोकाला करून घेतले. तो नंतर एकदा घरी येऊन गेला. मावशी आतल्या खोलीत बसून राहिली आणि आजीनं त्याला 'ती नाहीये' सांगितलं. आई म्हणते, त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत आजी दाराची कडी धरून उभी होती. आजीला वाटलं होतं, मावशी शेवटच्या क्षणी बाहेर येईल.

नकला त्याच सुमारास बंद झाल्या. ठरवून नाही. एका संध्याकाळी आजीच म्हणाली, "आज प्राचार्य काय म्हणाले गं?" मावशी म्हणाली, "काही नाही, कामात होते." सायकलवाल्यानं आईला विचारलं होतं, "ताई गावाला गेल्यात का? आवाज नाही हल्ली."

मी पाहिलेली मावशी ही यानंतरची. आईचं लग्न होऊन आम्ही त्याच गावात राहायला होतो आणि मी शाळेतून परस्पर आजीकडे जायचे. माझ्या आठवणीतली मावशी दारात चपला काढायची, हात धुवायची आणि हाताची घडी घालून बातम्या ऐकायची. तोंडावर हात ठेवून बोलायची तिची लकब होती. मला वाटायचं मोठी माणसं असंच बोलतात, म्हणून मीही बोलायला लागले, तर आईनं फटकन हात खाली ओढला.

सिनेमा आता टीव्हीवर लागायला लागला होता. परीक्षा संपल्या की हमखास. म्हणजे दर वर्षी प्रत्येक घरातलं प्रत्येक पोर तो बघणार.

मी लहान असतानाच तिनं दात काढले. दात काढले म्हणजे किडले म्हणून नव्हे. दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "दात एकदम निरोगी आहेत, बाई. लोकांना या वयात असे दात मिळत नाहीत. हे काढायचं पाप मी करणार नाही." मावशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी काढले. वरचे सगळे.

मी आजीकडे गेले तेव्हा ती गालाला कापूस लावून पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. आजी शेजारी बसून रडत होती. "माझ्या वडिलांचे दात होते ते. सगळ्या घराण्यात तुलाच आले होते."

मावशीला नीट बोलता येत नव्हतं. तरी ती म्हणाली, "मग त्यांनाच न्यायचं होतं सिनेमाला."

आजी त्यानंतर रडायची थांबली, पण ती फारसं बोलेनाशीही झाली. त्या हसण्याबद्दल दोघींमध्ये एक शब्द झाला नाही. आजी गेली तेव्हाही नाही. शेवटच्या दिवसांत मावशी तिचं सगळं करायची, केस विंचरायची, औषध द्यायची, आणि आजी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. काहीतरी शोधत असल्यासारखी.

कवळी बसली, चष्म्याची चौकट बदलली, गाल आत गेले, केस पांढरे झाले. मग मावशीला कुणी ओळखेनासं झालं. सिनेमातली मुलगी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तिशीचीच होती. प्रयोगशाळेतल्या बाई म्हाताऱ्या होत होत्या. कॉलेजातली जुनी माणसं निवृत्त झाली आणि त्यांच्याबरोबर ते नावही गेलं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट तिनं मला स्वतः सांगितली. प्रात्यक्षिक संपलं होतं. एक विद्यार्थिनी मागे राहून नळ्या धुवायला मदत करत होती. गोड पोरगी, बडबडी. मैत्रिणीबरोबर काल टीव्हीवर तो सिनेमा पाहिला म्हणाली.

"मॅडम, तुम्ही बघितलाय का हो? नाही? अहो, त्यात एक बाई आहे ना, ती अशी उठते…" पोरगी हातातली नळी ठेवून उभी राहिली, ओठ वर ओढून दात बाहेर काढले, छातीवर हात आपटला आणि ओरडली, "मीऽऽच का ती?"

मावशी म्हणाली, "ती दात बाहेर काढत नाही. ते तसेच होते. आणि एवढ्या मोठ्यानं म्हणत नाही. हळू म्हणते."

"म्हणजे बघितलाय तुम्ही!"

"ऐकलंय," मावशी म्हणाली. "ती नळी नीट विसळ, साबण राहिलाय."

मी तिला विचारलं, "का नाही सांगितलंस गं तिला?"

"काय सांगू? तिनं माझ्याकडे बघून दात शोधले असते."

निवृत्तीनंतर ती माझ्याकडे राहायला आली. आता सत्तरी ओलांडली आहे. सकाळी फिरायला जाते, माझ्या मुलीकडून आवर्त सारणी पाठ करून घेते, कुंड्यांना मापानं पाणी घालते. सुट्ट्यांमध्ये सिनेमाची जाहिरात दिसली की ती त्या वेळी आतल्या खोलीत काहीतरी काम काढायची आणि आम्ही दुसरा चॅनेल लावायचो.

यंदा मात्र ती उठली नाही. मी रिमोट हातात घेतला तर म्हणाली, "राहू दे."

आम्ही दोघीच होतो. धूर झाला, वेण्या सुटल्या, चष्मा निघाला. मावशी मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती, डॉक्टरांच्या बाहेर नंबराची वाट बघत बसतात तशी. संमेलन आलं. नायक म्हणाला, "माझ्या स्वप्नातली राणी याच सभागृहात बसली आहे!" झोत निघाला, फिरला, आणि थेट नायिकेवर जाऊन थांबला. टाळ्या. गाणं सुरू झालं.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. "मधलं कुठे गेलं?"

मला ठाऊक होतं. मी फोनवर वाचलं होतं आणि तिला सांगितलं नव्हतं. "काढलं त्यांनी. हल्ली लोकांना ते आवडत नाही. मुलामुलींनी खूप लिहिलं त्याच्याविरुद्ध, की बाईच्या चेहऱ्यावरून असला विनोद करणं क्रूर आहे. मग चॅनेलनं माफी मागितली आणि तो भाग कापला."

"माफी कुणाची मागितली?"

"प्रेक्षकांची."

ती बराच वेळ गाणं बघत राहिली. नायिका पायऱ्यांवरून उतरत होती, तिच्यामागे मुलं फुगे उडवत होती. मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. किती वर्षांनी का होईना, कुणाला तरी कळलं. मी तसं म्हणणारही होते.

"माझं काम चांगलं झालं होतं गं," ती म्हणाली. "दिवेवाला 'वा' म्हणाला होता."

मी म्हटलं, "जुनी प्रत मिळेल कुठेतरी. शोधू का? फक्त तुझं वाक्य होईपर्यंत बघू. मग बंद करू."

तिनं विचार केला, असं वाटलं. मग म्हणाली, "भोंगा लगेच वाजतो. तुला वेळेवर बंद करता यायचं नाही."

सिनेमा तिनं शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर उठली, कवळी काढून पेल्यात ठेवली. ती काढली की मावशी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाशी बोलत नाही. बाहेर अजून बऱ्यापैकी ऊन होतं.